धर्मा मुकादमांची जीभ

धर्मा मुकादम माती खातात, ही बातमी ते स्वतः दारात येण्याआधीच माझ्याकडे पोचली होती. पहिल्याच दिवशी ते आमच्या जागेवर उकिडवे बसले, चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटले आणि म्हणाले, "वैनी, माती चांगली हाय. पन उतावळी हाय." मग पचकन थुंकले, तेही माझ्या तुळशीपासून जेमतेम हातभर अंतरावर.

आगगाडी आल्यापासून कल्याणात जो तो काहीतरी बांधतो आहे. आम्हीही खाडीच्या अंगाला तांदळाची वखार बांधायला काढली. तिचा पाया आणि शेजारी एक विहीर. यजमान दिवसभर बाजारात, तेव्हा खोदकामावर लक्ष माझं. मुकादमांनी रेल्वेच्या कामावर माणसं राबवली होती, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांच्या जिभेसाठी नव्हे.

पायाची चर खणताना मजूर काढलेली माती काठावरच टाकत. काठावर ओझं पडलं की चर ढासळते, हे मलाही कळतं. पण मुकादमांची सांगायची तऱ्हा वेगळी. "लांब टाका रे! मातीला माहेराची ओढ असते. काठावर ठेवलीत तर परत घरी जाईल, तुमाला संगती घेऊन!"

चरीच्या भिंतींना फळ्या लावून मध्ये वाशांचे टेकू दिल्याशिवाय ते कुणाला आत उतरू देत नसत. फळ्या कमी पडल्या तेव्हा त्यांनी वखारीसाठी करून ठेवलेली नवी कोरी दारं चरीत उतरवली. मी धावत गेले.

"अहो, दारं आहेत ती!"

"मंग? भिंत कुठं हाय अजून? कशाला लावनार?"

रामा म्हणून एक मजूर होता, त्याला मुकादमांची थट्टा केल्याशिवाय जेवण जात नसे. "मुकादम, आज काय खाल्लंत? काळी की तांबडी?"

"हस. तुजा बाप पन असाच हसायचा. चरीतून त्याला मीच वर वढला."

त्यांचं प्रत्येक वेळी खरंच ठरे असं नाही. एका कोपऱ्यातली माती चाखून "इथं पानी फुटेल" म्हणाले आणि आम्हाला पाया सरकवायला लावला. पुढे तिथे चुना मळायची घाणी घालताना ठणठणीत कोरडा मुरूम निघाला. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. म्हणाले, "रातीत बदलली."

विहिरीला मात्र पाणी लागलं, आणि गोड लागलं. पण होतं कमरेएवढं. मी काठावरून सांगितलं, "आणखी हातभर उतरा. वैशाखात तळ दिसेल."

मुकादम खाली उतरले. तळातली काळी चिकण माती चाखली आणि तिथेच पाण्यातल्या दगडावर बसले. "पुरे. वर गोडं पानी तरंगतं, खाली खारं निजलेलं असतं. त्याला उठवायचं नाय. रुंद करा, खोल नको."

"रुंद करायला जागा कुठे आहे? वर या आणि रामाला उतरू द्या."

"मी उठनार नाय."

दुपार झाली तरी उठले नाहीत. शेवटी मीच बादलीतून भाकरी आणि कांदा खाली सोडला. ती खाता खाता, वर न बघता, ते बोलू लागले.

"सोनी, माजी लेक. खाडीपल्याड मिठागराच्या गावात दिलीय. तिच्या सासरची हीर मीच खनली, वैनी. पानी लागलं व्हतं, गोडं. सगळे म्हनले, बस झालं. मी म्हनलो, माज्या लेकीला पानी कमी पडायला नको. हातभर जास्त खनली." त्यांनी कांदा फोडला. "सकाळी सासूनं चूळ भरली नि थुंकली. तवापासून सोनी दुसऱ्या गावातून पानी आनते. माहेरी धाडत नाय तिला. दिवाळीला नाय, बाळंतपनाला नाय. ज्या बापानं पानी नासवलं, त्याच्या घरी कशाला, म्हनतात. खरंच हाय त्यांचं."

मी वखारीची एक बाजू आत घेतली आणि विहीर रुंद करून घेतली.

नव्या विहिरीची पहिली घागर देवाची. ती झाली आणि मुकादम पुढे आले. बगलेत कोरी घागर होती. "दुसरी मला द्या." ती भरून, तोंडाला फडकं बांधून, त्यांनी मिठागराकडे जाणाऱ्या होडीवाल्याच्या हाती दिली. दिवसभर त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. मजुरांना चैन पडेना.

संध्याकाळी होडीवाला घागर घेऊन परत आला.

"सासू दारात व्हती," तो म्हणाला. "आधी ती प्याली. घोटभर तोंडात धरून बसली. मंग सोनीला हाक मारली."

"सोनी काय बोलली?" मुकादमांनी विचारलं.

"सासूम्होरं काय बोलनार? प्याली. परत वतून प्याली."

दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडत नाहीत. घागरीच्या तळाशी लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं मूठभर मीठ होतं. मुकादमांनी ते कमरेच्या धोतरात खोचलं.

"इकडे द्या," मी म्हटलं. "बरणीत ठेवते. पावसाळ्यात पाणी सुटेल त्याला."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि वरून हात दाबून धरला. जगातली माती जिभेवर ठेवणारा हा माणूस.

"चाखून तरी बघितलंत का?"

"संपंल ना, वैनी."