राठोड डॉक्टर आन् याडीचा दात

कळमनुरीत माणसं भेटली की राम राम घालतात. आमचे राठोड डॉक्टर म्हणतात, "आ करा!" भाजीवाला असो की फौजदार, भर बाजारात तोंड उघडायला लावून मोबाइलची बॅटरी आत मारतात. आपण भरलेला दात अजून जागेवर हाय का, एवढंच त्यांना बघायचं असतं. परवा मी गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवून राहिले, ती मनगटाशी अडकलेली, आन् हे दारातून, "ताई, आ करा!" म्हटलं, "डॉक्टर, धंदा करू द्या की वो!" केला मग आ. करते काय!

त्यांचा दवाखाना माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागूनच. माणूस एका जागी बसंल तर शपथ! चहासुद्धा उभ्यानं, आन् तोही अर्धाच. तोंडात सारखं एकच, "चिकटलं म्हंजी टिकलं न्हाई, ताई!"

एकदा वैतागून विचारलं, तर बांगड्यांच्या खोक्यावर दाताचं चित्रच काढलं. दाताच्या आत म्हणे बारीक धाग्यांची जाळी असती. भरायचा मसाला त्या जाळीला धरून बसतो. पण ओलीनं धागे हळूहळू कुजतात, आन् एक दिवस मसाला हातात येतो. "मंग धाग्याला धागा बांधून टाकायचा! बाभळीच्या सालीत कातडं कसं पक्कं व्हतंय? बराबर तसंच. द्राक्षाच्या बियांत ती ताकद हाय."

झालं! बियांचं याड लागलं. आता हल्ली बीवाली द्राक्षं मिळतात कुठं? हे गाड्यावर द्राक्ष चावून बघायचे आन् बी निघाली न्हाई म्हणून गाडीवाल्यावरच चिडायचे. मिळतील त्या बियांचा काढा करून त्यात उपटलेले दात भिजत घालायचे. बरण्या खिडकीत मांडलेल्या. माझी गिऱ्हाइकं त्या बघून रस्ता बदलायची, मेलं!

ह्या सगळ्याचं मूळ त्यांची आई, त्यांच्या बंजारा बोलीत याडी. ती तांड्यावर एकटीच राहते. तिचा पुढचा तुटका दात डॉक्टरांनी भरला, तो पडला. पुन्हा भरला, पुन्हा पडला. तिचा फोन आला की दवाखान्याला कुलूप घालून मोटारसायकलवर पळायचे. "दुनियेचे दात टिकतात, ताई. माझ्या आईचाच टिकत न्हाई. कसला डॉक्टर मी!" डोळ्यांत पाणी यायचं बिचाऱ्याच्या.

यंदा त्या बियांचं तयार औषध बाहेरून मागवलं. आधी ते दाताला लावलं, मग मसाला भरला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दात जागेवर! डॉक्टरांनी गल्लीत पेढे वाटले. पण जिवाला चैन म्हणून न्हाई. फोन काढायचा, बघायचा, ठेवायचा.

"याडीचा फोनच न्हाई, ताई."

"दात पडला न्हाई, मंग कशाला येईल?"

"व्हय, तेबी खरं," म्हणाले आन् पुन्हा फोन बघितला.

पुढं तांड्यावरच्या एका लग्नाच्या बांगड्या भरायला मी निघाले, तर हे हत्यारांची पेटी घेऊन तयार. "मीबी येतो. दात बघून घेतो."

याडी अंगणात बाजेवर बसलेली. डॉक्टरांचं ना राम राम, ना विचारपूस, थेट "याडी, आ कर!" बॅटरी मारली, दात हलवून बघितला आन् हरखलेच. "बघा ताई, पक्का!"

म्हातारी फणकारली. "काय लावलंस रे मुडद्या! पयले एका सुपारीत काम व्हायचं. आता सुपारी फोडली, दातानं ऊस सोलला, पडंचना!"

"आगं, पण पाडायचा काहून?"

"न्हाई पडला तर तू काहून येशील?"

डॉक्टरांच्या हातातली बॅटरी चालूच राहिली. मी आपलं बांगड्यांचं गाठोडं उचललं आन् लग्नघराकडं निघाले.

बांगड्या भरून परत आले, तेव्हा पेटी बाजेखाली होती आन् डॉक्टर याडीशेजारी टेकून चहा पीत होते. कप रिकामा केला, दुसरा मागितला.

"चलायचं न्हवं, डॉक्टर? दवाखाना उघडायचाय."

"तुमी व्हा पुढं, ताई," ते बसूनच म्हणाले.