विसाजीपंत चिटणीसांनी चाकरी सोडून विम्याचे कवच घेतले त्याची हकीकत

श्रीगजानन कृपा करो, शारदा लेखणीस बळ देवो, आणि ऐकणारांचा श्वास ऐकून होईतो यथास्थित चालो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही, विसाजीपंत चिटणीस यांणी हुजूर मुजरा करून चाकरीचा राजीनामा दिला. त्याचे वर्तमान ऐसे जे, पंतांचे वय एकसष्ट, चाकरी अडतीस वर्षांची, आणि त्या अडतीस वर्षांत पंतांनी महाराजांचे नावे राजेरजवाड्यांस, मामलेदारांस, रुसल्या जावयांस आणि एकदा चुकून हत्तीच्या माहुतास मिळून इतकी पत्रे लिहिली की बोटास शाईचा डाग कायमचा बसला, परंतु एकाही पत्रात खाडाखोड म्हणोन नाही. महाराज त्यांच्या अक्षरावर बहुत खूष. मात्र पंतांच्या मनाने घेतले की आता पुरे, आता नदीच्या वाळूत कलिंगडांची वाडी करावी आणि सकाळी कोणास काही न लिहिता नुसते वेलाकडे पाहत बसावे. महाराज हसले, शालजोडी दिली, आणि पंत उड्या मारीत घरी आले. एकसष्टाव्या वर्षी उडी ती किती, हे जाणत्यांनी जाणावे.

घरी पत्नी सगुणाबाई. बाई शहाणी, जिभेने तिखट, पोटात माया, आणि वीस वर्षांपासून दम्याने गांजलेली. तिने शालजोडी उलटसुलट पाहिली, चांगली आहे म्हणाली, आणि विचारले, "वाडी झाली, कलिंगडं झाली. माझ्या बयाबाईचं काय केलंत?" आणि पंतांच्या उडीचा मुक्काम तेथेच पडला. कारण राज्याचा कायदा ऐसा होता की सरकारी चाकराच्या घरचे औषधपाणी सरकारातून चालावे, चाकरी सुटली की तेही सुटावे, आणि पुढे चाकरास पासष्टावे लागले म्हणजे महाराजांचे वृद्धछत्र नवराबायको दोघांचे मस्तकी धरले जावे, ते अखेरपर्यंत. मधली चार वर्षे उघडी. आणि बयाबाई म्हणजे वैदीण, ऐंशी खाटांच्या रुग्णशाळेची मालकीण, हाताला गुण असलेली. सगुणाबाईंस आधी सात वैद्यांनी काढे पाजले, मात्रा चाटवल्या, एकाने तर उलटे टांगण्याची गोष्ट काढली. मग बयाबाईने छातीला कान लावला, आणि तेव्हांपासून बाई माणसात आली. ती बयाबाई सुटली तर बाईंचा श्वास कोणाच्या हवाली करावा, हा एकच प्रश्न, आणि त्याने पंतांचे जेवण गोड लागेना.

मग पंतांस कळले की चाकरी सुटलेल्यास साठ दिवसांचा कौल असतो. साठ दिवसांचे आत विमाहाटात जाऊन कवच घेतले तर जुने दुखणे आहे म्हणोन कोणी परत पाठवू शकत नाही, आणि एकसष्टावे दिवशी गेले तर वरातीमागून घोडे. मग उभयता हाटात गेली. पहिला दुकानदार जुन्या सरकारी औषधपाण्याचाच. तो म्हणाला, "सगळं आहे तसंच ठेवा पंत, फक्त सरकार भरत होतं तेही आता तुम्ही भरा," आणि आकडा सांगितला तो ऐकून पंतांस वाटले की वाडीत कलिंगडांऐवजी हिरे पिकवावे लागतील. दुसरा गोड बोलणारा. त्याचे कवच अगदी स्वस्त, मात्र त्यास एक उंबरा होता, आणि त्या उंबऱ्यापर्यंतचा सारा खर्च ज्याचा त्याने करावा, त्यापुढे कवच कामास येईल. सगुणाबाईंनी विचारले, "उंबरा केवढा उंच?" त्याने सांगितले. बाई म्हणाल्या, "अहो, एवढा चढेस्तो माझा दम तिथंच निघेल." तिसरी एक मंडळी होती, कोणी आजारी पडल्यास सर्वांनी मिळून द्यावे ऐसा त्यांचा नेम. "आणि नाही दिलं तर?" "मर्जीची गोष्ट आहे बाई." मग चौथ्याकडे गेली. त्याचे कवच ना फार महाग ना फार स्वस्त, आणि पंतांस आता पगार नाही म्हणोन महाराजांचा खजिना त्यात काही भर घालणार. परंतु पंतांचे चित्त पहिल्याच्याच कागदाकडे, कारण त्याचे अक्षर मोत्यासारखे. ते म्हणाले, "अगं, काय लपेटी आहे बघ! असा माणूस फसवणार नाही." बाईंनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांणी चौथ्याच्या वैद्यांच्या यादीवर बोट ठेवले, वरून खाली नेले, आणि एके ठिकाणी थांबल्या. बयाबाई. "हेच घ्यायचं," म्हणाल्या, आणि निवड जाहली.

दुसरे दिवशी पंत एकटेच अर्ज भरण्यास गेले, कारण लिहिणे हे आपले काम ऐसा त्यांचा अभिमान. हाटाचा कारकून केसोजी याने कागद पुढे केला. नाव, गाव, वय, सर्व भरले, आणि मग एक कलम आले: घरच्या मंडळींच्या प्रकृतीचे वर्तमान लिहावे. आता अडतीस वर्षे ज्या हाताने प्रत्येक पत्राचा आरंभ एकाच वाक्याने केला, मग राज्यात दुष्काळ असो, पटकी असो वा महाराजांस गळू जाहलेले असो, तो हात दुसरे काय लिहिणार? हाताने लिहिले, "येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जाणे." अक्षर ऐसे उतरले की पंतांनी क्षणभर मान तिरकी करून पाहिले. केसोजीने कागद ठेवून घेतला, नक्कल दिली, आणि पंत घोडे गंगेत न्हाले म्हणोन शीळ वाजवीत घरी आले.

घरी आल्यावर वाडीच्या वाफ्यांत दिवस भुर्रकन गेले. साठावे दिवशी सकाळी सगुणाबाई तांदूळ निवडीत होत्या, त्यांस काय वाटले कोण जाणे, म्हणाल्या, "काय लिहिलंत ते वाचा बघू एकदा." पंतांनी नक्कल काढली आणि हुजूर वाचावी तैसी सुरात वाचली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकले.

"माझा दमा कुठंय?"

"दमा?"

"वीस वर्षं रात्रंदिवस ज्याच्याशी भांडतेय तो. अहो, क्षेम काय लिहून आलात! उद्या मी आडवी पडले की ते म्हणतील, तुम्हीच लिहून दिलंय, सगळं बरं आहे. दुखणं लपवलं म्हणून कवच काढून घेतील ना!"

पंतांचे तोंड पांढरे पडले. तांदूळ तैसेच राहिले, आणि उभयता हाटाकडे धावली, पंत पुढे, बाई मागे, मध्ये दोन ठिकाणी दम खाण्यास थांबत. हाट बंद होण्यास घटकाभर अवकाश होता. केसोजीने त्यांस पाहिले आणि उठोन नमस्कार केला. म्हणाला, "पंत, या हाटात इतक्या अगत्यानं आमचं क्षेम कोणी विचारलं नव्हतं. मी घरी मंडळींनाही सांगितलं. खाली उत्तर लिहून ठेवलंय बघा." कागदावर खरेच लिहिले होते की आम्ही कुशल, गुडघा तेवढा दुखतो, लोभ असावा. सगुणाबाईंस ऐसे हसू लोटले की ठसका लागला, आणि केसोजी पाणी आणण्यास पळाला.

मग त्याने नियम सांगितला. चूक दुरुस्त होईल, परंतु ज्याने लिहिले त्यानेच, त्याच कागदावर, आपल्या हाताने रेघ मारून. अडतीस वर्षांत एक काना खोडला नाही, आणि आज भर हाटात, परक्या कारकुनापुढे! लेखणी शाईत बुडाली, वर आली, आणि पुन्हा शाईत बुडाली. बाईंनी पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "मारा हो. माझ्यापेक्षा का ती ओळ मोठी?" पंतांनी रेघ मारली. ती वाकडी गेली, वर शाईचा भला थोरला ठिपका पडला, आणि त्याशेजारी पंतांनी लिहिले, पत्नीस दमा, वीस वर्षे, थंडीत आणि धुळीत वाढतो.

"झालं?" केसोजीने विचारले.

"नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "यांच्या छातीत कळ येते, तेही लिहा."

"कोणती कळ?" पंत म्हणाले.

"विहिरीच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबता, आणि विचारलं की आभाळ बघतोय म्हणता, ती कळ. वर्ष झालं."

पंतांस वाटले होते की हे आपण कोणास कळू दिले नाही. बाईला आधीच श्वासाची पंचाईत, त्यात आपली भर कशास, म्हणोन एकट्यानेच सोसले, आणि ती सर्व जाणून होती. पंतांचे डोळे भरून आले, त्यांणी ते धोतराच्या सोग्याने भर हाटात पुसले, आणि दुसरी ओळ लिहिली. ती लिहिताच वर्षभराचे ओझे उतरले ऐसे त्यांस वाटले. केसोजीने शिक्का मारला, नक्कल ठेवून घेऊन मूळ कागद पंतांस दिला, आणि परतताना उभयतांनी भेळ खाल्ली.

पुढे मार्गशीर्षात, ज्या थंडीचे भय बाईंच्या दम्यास, त्याच थंडीत भर दुपारी पंत वाडीत वाफ्याशी बसले ते उठेचनात. छाती धरून आडवे जाहले. सगुणाबाईंनी पाहिले, आणि जी बाई देवळाच्या चार पायऱ्यांस दोनदा टेकत असे, ती वाळूतून अर्धा कोस पळत गेली आणि बयाबाईस पालखीसुद्धा घेऊन आली. बयाबाईने पंतांच्या छातीला कान लावला, जिभेखाली औषध ठेवले, आणि रुग्णशाळेत नेले. तेथे विमेवाल्यांचा तपासनीस आला, आणि त्याने त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला की दुखणे नवे की लपवलेले जुने. बाईंनी तो डागाळलेला कागद पुढे केला. तपासनीसाने दुसरी ओळ वाचली, तारीख पाहिली, मान हलवली, आणि निमूट सही केली. नऊ दिवसांची खाट, औषधे, बयाबाईचे मानधन, सर्व कवचाने उचलले.

तिसरे दिवशी पंतांनी डोळे उघडले तो उशाशी बाई. पहिला प्रश्न त्यांणी हाच केला, "धावलीस म्हणे. तुझा श्वास कसाय?"

"चाललाय," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमचाही चाललाय. आता बोलू नका, मला मोजू द्या."

येणेप्रमाणे एक कवच घेतले बाईंसाठी, आणि पहिल्याने कामास आले पंतांच्या. पासष्टास अजून तीन वर्षांवर आहेत, उभयता हसतखेळत ती काढीत आहेत, आणि सुखाने नांदत्या घरात बखरकाराने फार वेळ बसू नये, म्हणोन लेखणी ठेविली. इति.