नको म्हटलेली किंगबर्ड

फोन वाजला तेव्हा ऑर्लिन स्कोग्लंड ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्या-खिम्याच्या हॉटडिशच्या भांड्याच्या कडा चमच्याने खरवडत होता, आणि त्याची मुलगी ब्रिटा त्याच कडांवर डोळा ठेवून होती. बटाट्याची ती करपलेली, कुरकुरीत कड म्हणजे त्या घरातला सर्वांत मौल्यवान ऐवज. पण फोनवर शोरूमचं नाव ऐकलं आणि तिने भांड्यावरचा हक्क तत्क्षणी सोडला.

पलीकडून गाड्यांच्या शोरूमचा नवा मॅनेजर बोलत होता. कंपनीने यंदा टॅमरॅक फॉल्स गावाच्या वाट्याला एक किंगबर्ड, आपली सर्वांत वेगवान गाडी, दिली होती. एकच. शहरातल्या बड्या शोरूमना वर्षाला मूठभर मिळतात, गावाकडच्यांना मिळाली तर एखादी. लोक तिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात आणि शोरूमवाले कंपनीच्या किमतीवर मनाला येईल तेवढा 'ऑन' चढवतात. टॅमरॅक फॉल्सच्या यादीत पहिलं नाव होतं ऑर्लिनचं. म्हातारा मालक हार्लन निवृत्त होण्यापूर्वी ते लिहून गेला होता आणि तुझ्याकडून वर एक डॉलर घेणार नाही, असा शब्दही देऊन गेला होता.

ऑर्लिन काउंटीचा बर्फ सारायचा ट्रक चालवायचा. म्हणजे आयुष्यभर ताशी पंचवीस मैल. पुढे बर्फ आणि मागे वैतागलेल्या गाड्यांची वरात. अशा माणसाला पाखरासारखी सुटणारी गाडी हवीशी वाटली तर त्यात नवल ते काय? आजोबांचा तळ्याकाठचा जमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे त्याने तेवढ्यासाठी बाजूला ठेवले होते. कंपनीची किंमत भागेल आणि वर टाकीभर पेट्रोल येईल, इतकेच.

"मग मिस्टर स्कोग्लंड, गाडी तुमची. हवीय ना?"

"छे छे, नको," ऑर्लिन म्हणाला. "उगाच कशाला. माझ्यापेक्षा गरजू कुणीतरी असेल की."

"ठीक आहे. दिवस चांगला जावो." आणि फोन बंद.

ऑर्लिन फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. पुढच्या प्रश्नाची वाट बघत.

आता यात त्याची चूक नव्हती. टॅमरॅक फॉल्समध्ये पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कॉफी घेणार? नको. अहो, केलेलीच आहे. नको, कशाला त्रास. ओततेच मी. बरं, अर्धा कप. एवढे वळसे घेतल्यावर मग माणूस सुखाने दोन कप पितो आणि वर केकही खातो. पहिल्या झटक्यात हो म्हणणं म्हणजे पाहुण्याने थेट फ्रीज उघडण्यासारखं. हे तिथल्या पोरांना चालण्याआधी कळतं.

"काय म्हणाला?" ब्रिटाच्या आईने, बेवने विचारलं.

"विचारत होता."

"मग?"

"विचारेल की परत."

बेवने भांडी पुसायचा रुमाल घेतला आणि त्याची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली. रुमालाची इतकी सरळ घडी त्या घरात फार क्वचित पडायची, आणि पडली की ऑर्लिन गॅरेजमध्ये काहीतरी काम शोधायचा.

मॅनेजरने परत विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ऑर्लिन फोन खिशात घालून अंघोळीला जाऊ लागला. गुरुवारी शाळा सुटल्यावर ब्रिटाने पिकअपची किल्ली उचलली. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि त्यासोबत, का कोण जाणे, एक नवीनच आवाजही मिळाला होता. तो घेऊन ती थेट शोरूमवर गेली.

काचेमागे किंगबर्ड उभी होती. पिकलेल्या चेरीच्या रंगाची, बुटकी, आणि उभी असूनही निघाल्यासारखी. तिच्या काचेवर एक कागद डकवला होता: कंपनीची किंमत, आणि खाली जाड अक्षरांत आणखी वीस हजार डॉलर.

मॅनेजरचं नाव डॉम फेराझो. न्यू जर्सीहून नुकताच आलेला, आणि गावातले लोक हसून बोलतात म्हणजे नक्की काय हवंय त्यांना, या विवंचनेत पडलेला.

"तुझ्या बाबांनी नको म्हटलं, पोरी. मी या कानांनी ऐकलं."

"ते पहिलं नको होतं."

"म्हणजे नकोला नंबर असतात?"

ब्रिटाने त्याला कॉफीपासून केकपर्यंत सगळं समजावलं. डॉम लक्षपूर्वक ऐकत होता. न्यू जर्सीत नको म्हणजे नको, तो म्हणाला. तिथे हो म्हणजेसुद्धा कधी कधी नको असतं. पण आता त्याचा इलाज नव्हता. ज्याने नाकारलं त्याचं नाव यादीच्या शेवटी जातं, हा शोरूमचा नियम. आता पुढच्यांना क्रमाने विचारायचं, आणि शुक्रवारपर्यंत गाडी खपली नाही तर कंपनी ती उचलून मिनियापोलिसच्या शोरूमला देणार.

"पण हे तीनदा विचारायचं मला कुणी बोललं नव्हतं," डॉम म्हणाला. "उपकार झाले तुझे." आणि त्याने लगेच यादीतला दुसरा नंबर फिरवला.

तेव्हा कुठे ब्रिटाच्या लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. एकदा विचारून सोडलं असतं तर सगळं गाव नको म्हणालं असतं आणि यादी फिरून बाबांपाशी आली असती. आता हा इसम प्रत्येकाला तीनदा विचारणार. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि नखं खाऊ लागली.

दुसरे होते दातांचे डॉक्टर न्यूबर्ग. डॉमने शिकवल्याबरहुकूम विचारलं. एकदा नको. दोनदा नको. तिसऱ्यांदाही नकोच, आणि वर हवापाण्याच्या दोन गोष्टी. डॉमने फोन ठेवला, थोडा विचार केला, आणि कागदावरचे वीस हजार खोडून दहा केले.

तिसरी बँकेतली शर्ली. तीनदा नको. दहाचे पाच झाले. मग लाकडाच्या वखारीचा वॉल्ट. पाचाचं शून्य झालं. पाळकबाईंना गाडीसोबत पायपुसण्या फुकट देऊ केल्या, वॉल्टच्या भावाला हिवाळ्यासाठी आच्छादन. नको, नको, नको. प्रत्येकाचा आवाज कसा मऊ, प्रत्येकाने मनापासून आभार मानलेले, आणि गाडीला मात्र कुणी हात लावायला तयार नाही.

डॉमने टाय सैल केला. "खरं सांग. हिच्यात कुणी मेलंबिलंय का?"

ब्रिटाला काय सांगावं कळेना. या लोकांनी वर्षानुवर्षं नाव लावून ठेवलं होतं. वॉल्ट तर चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळीसुद्धा या गाडीच्या इंजिनाबद्दल कुजबुजायचा. तिसरं नको म्हणजे खरं नको. मग सगळ्या गावाला एकदमच झालं काय?

यादीत आता एकच नाव उरलं होतं, ग्लॅडिस टोर्गरसन. वय ऐंशीच्या पुढे. तिचा नवरा हयात असेपर्यंत त्याने तिला चाकाला हात लावू दिला नव्हता. त्याच्या दफनानंतरचं जेवण उरकतं न उरकतं तोच तिने किंगबर्डसाठी नाव दिलं होतं, असं गावात म्हणायचे. ही मात्र घेणार. ब्रिटाने डोळे मिटले. डॉमने फोनचा आवाज मोठा केला.

नको, ग्लॅडिसबाई म्हणाल्या. नको हो, म्हणाल्या. खरंच नको, म्हणाल्या.

"बाई, मी चौथ्यांदा विचारतोय," डॉमचा आवाज रडवेला झाला होता. "का नको?"

पलीकडे ग्लॅडिसबाईंनी घसा साफ केला.

"चौथ्यांदा विचारणं बरं दिसत नाही, बाळा. पण विचारलंच आहेस तर सांगते. बुधवारी आम्ही बायका चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला बसतो. काल बेव स्कोग्लंडने एक टाका घातला आणि एक शब्द बोलली, दुसरा टाका घातला आणि दुसरा शब्द बोलली. गोधडी उसवावी लागली, पण झालं काय ते आम्हाला समजलं."

"काय समजलं?"

"की तुला विचारता येत नाही. हे बघ, तो ऑर्लिन दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ सारून जातो. आभार मानले की म्हणतो, ट्रक इथूनच वळवायचा होता. माझं घर गल्लीच्या पार टोकाला आहे. तिथे सायकल वळत नाही, ट्रक कुठला वळतोय? असं प्रत्येकाच्या दाराशी त्याचा ट्रक वळलेला आहे. त्याच्या गाडीत मी बसेन होय? कुणीच बसणार नाही. तू त्याला विचार. आणि आम्ही सोडली म्हणून सांगू नकोस, नाहीतर तो जन्मात घ्यायचा नाही."

ब्रिटाने जीन्सच्या गुडघ्यावर हात घासले, मग डोळे पुसले, मग पुन्हा गुडघे. या माणसांना तिने लहानपणापासून पाहिलं होतं आणि बहुतेक वेळा कंटाळवाणी ठरवलं होतं. आत्ता त्या सगळ्यांच्या घरी जाऊन पडेल ते काम करावं, असं तिला वाटलं. वॉल्टच्या कुत्र्यालासुद्धा अंघोळ घालावी.

डॉमने यादीकडे पाहिलं. सगळी नावं संपली होती आणि ज्याने आधी नाकारलं तो नियमाप्रमाणे शेवटी आला होता. त्याने ऑर्लिनला फोन लावला.

"मिस्टर स्कोग्लंड, किंगबर्ड. कंपनीच्याच किमतीत."

"नको हो. तुमचं नुकसान कशाला?"

"पायपुसण्या आणि आच्छादन फुकट."

"मग तर नकोच. लाजल्यासारखं होतं."

ब्रिटाने डॉमच्या डोळ्यात डोळे घालून मान हलवली: अजून एकदा. डॉमने आवाज खाली आणला. त्यात नाटक जरासुद्धा नव्हतं. "मिस्टर स्कोग्लंड, उद्या ही गाडी इथून मिनियापोलिसला गेली ना, तर तिच्यामागे मलाही जावं लागेल."

"अरेरे," ऑर्लिन म्हणाला. "एवढी अडचण आहे म्हणता तुमची. बरं, मग नेतो बापडा."

अशी किंगबर्ड घरी आली. गुपित काही टिकलं नाही. चेक वटवताना शर्लीच्या तोंडून सगळं सुटलं. ऑर्लिन बँकेतून आला तो नाक शिंकरतच. टॅमरॅक फॉल्समध्ये समोरासमोर उभं राहून आभार मानायची पद्धत नाही, दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं. म्हणून त्याने दुसरा मार्ग काढला. एकेकाच्या दाराशी गाडी नेऊन किल्ली पुढे करायची. "जरा चालवून बघ. काही आवाज येतोय का सांग."

गाडीला जागा दोनच. डॉक्टर न्यूबर्गांनी चालवली, ऑर्लिन शेजारी. शर्लीने चालवली, ऑर्लिन शेजारी. वॉल्टने तर तीनदा आवाज ऐकला. ग्लॅडिसबाई मोत्यांची कर्णफुलं घालून आल्या, अख्ख्या तळ्याला वळसा घालून परतल्या तेव्हा त्यांचे केस उभे राहिले होते आणि ऑर्लिनचेही. "वाईट नाहीये," त्या म्हणाल्या. त्या गावात याहून मोठी स्तुती कुणी ऐकलेली नाही. डॉमलाही फेरी मिळाली. उन्हाळा असा कृतज्ञतेतच सरला, आणि एकदा ब्रिटाच्या लक्षात आलं की पाहावं तेव्हा बाबा उजवीकडेच बसलेले असतात. या दाराहून त्या दाराशी गाडी सरकवायची, ती बर्फाच्या ट्रकच्याच वेगाने, एवढंच काय ते त्यांचं चालवणं. शोरूममधून आणतानासुद्धा त्यांनी किल्ली आईच्या हातात दिली होती. आणि महिन्याभरात बर्फ पडला की गाडी आच्छादनाखाली जाणार.

सप्टेंबरच्या शेवटी, एका उबदार संध्याकाळी ऑर्लिन अंगणात ब्रिटासमोर आला. "चल, तूच राहिलीस. घे किल्ली."

ब्रिटाच्या डोळ्यांसमोर अख्खी शाळा तरळून गेली. शाळेच्या फाटकातून आत वळणारी चेरीच्या रंगाची गाडी, थबकलेला फुटबॉलचा संघ. तिने हात पुढे केला. किल्ली तिच्या बोटांत आली, पण पलीकडून बाबांचा अंगठा काही सुटेना. चेहरा हसरा, अंगठा घट्ट.

ती उजवीकडे गेली, दार उघडून बसली आणि पट्टा लावला.

"मी बसले, बाबा."

ऑर्लिन क्षणभर किल्लीकडे बघत राहिला. मग डावीकडचं दार उघडून आत शिरला.

गावातून ते पंचवीसने गेले. शेवटचं घर मागे पडलं, दोन्ही बाजूंना बिटाची शेतं, रस्ता सरळ आणि रिकामा, आणि ऑर्लिनच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदा सारायला काही नव्हतं. ब्रिटाची पाठ खुर्चीला चिकटली. तिने बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. चर्चमध्ये बसल्यासारखे गप्प होते.

मागे लाल-निळे दिवे लागले.

काउंटीचा पोलीस, डेप्युटी लॉयड, खिडकीशी वाकला. आत ऑर्लिन दिसताच परत आपल्या गाडीपाशी गेला, वेग मोजायचं यंत्र थोपटून आला.

"ऑर्लिन, हे बिघडलंय. ब्याऐंशी दाखवतंय. तुझ्या ट्रकमागे मी किती हिवाळे रांगलोय, मला माहितीय ना. जा तू. असू दे."

ऑर्लिनचे कान लाल झाले होते. ब्रिटा वाट बघत होती: आता बाबा माफी मागतील, आभार मानतील आणि पंचवीसने घरी जातील.

"पावती फाड, लॉयड."

"अरे, जाऊ दे म्हणतोय ना मी. दंड बसेल उगाच."

"बसू दे," ऑर्लिन म्हणाला. दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर. "मला हवीय ती."

लॉयडने टोपी मागे सारली आणि ब्रिटाकडे पाहिलं. ब्रिटाने खांदे उडवले. हे शब्द तिनेही बाबांच्या तोंडून आत्ताच पहिल्यांदा ऐकले होते. लॉयड पावती लिहू लागला.

"आणि आकडा जरा ठळक काढ," ऑर्लिन म्हणाला.