सलोख्याचा पहिला सेट

डेपो मॅनेजरांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं, पंखा बंद केला आणि खिडकी लावून घेतली. पंखा बंद झाला की विषय नाजूक असतो, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"परवाच्या सामन्यात तुमचा वेल्डर पेंटरला काय म्हणाला, ते मी उच्चारू शकत नाही," मॅनेजर म्हणाले.

"मी ऐकलं, साहेब."

"तुम्ही ऐकलंत ते ठीक आहे. माझ्या सासूबाईंनीही ऐकलं. मला विचारत होत्या, या शब्दाचा अर्थ काय."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, व्हॉलीबॉलमधला तांत्रिक शब्द आहे. त्यांनी दोनदा म्हणून पाठ केला."

मास्तर खाली बघत राहिले. खरं तर ते बस वर्कशॉपचे स्टोअरकीपर. नटबोल्टपासून टायरपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. पण वर्कशॉपचा व्हॉलीबॉल संघही तेच चालवत, गळ्यात कायम शिट्टी असे, त्यामुळे ते सगळ्यांचे मास्तर झाले होते. स्वभावाने अतिशय मऊ. कोणी मोठ्याने बोललं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

"अंतिम सामन्याला विभागीय कार्यालयातल्या मोठ्या मॅडम येणार आहेत," मॅनेजर पुढे म्हणाले. "त्या व्हॉलीबॉल कोर्टाच्या जागेवर अधिकाऱ्यांच्या गाड्या लावायचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर पडून आहे. सामना बघून त्या ठरवणार. एक जरी शिवी ऐकू आली ना मास्तर, तर तुमच्या त्या पांढऱ्या रेषा राहतील, पण त्यांच्यामध्ये गाड्या उभ्या असतील."

कोर्ट होतं तिथे, बसधुलाईच्या रॅम्पमागे, पूर्वी नुसतं भंगार पडलेलं असायचं. ते हलवण्यासाठी मास्तरांनी या टेबलापासून त्या टेबलापर्यंत चपला झिजवल्या होत्या. रोलर स्वतः ओढला होता. जाळी फाटली की त्यांची बायको ती शिवून द्यायची, आणि प्रत्येक वेळी सांगायची की इतकं शिवणकाम तिने लग्नातल्या साड्यांवरही केलेलं नाही. आयुष्यात स्वतःच्या हाताने उभी केलेली अशी ती एकच गोष्ट होती, आणि तिच्यावर आता कोणाची तरी डिकी उघडणार होती.

संघ उत्तम होता, यात वाद नव्हता. पेंटर चेंडू असा उचलून द्यायचा की तो हवेत क्षणभर थांबून वाट बघतोय असं वाटे, आणि वेल्डर तो असा हाणायचा की पलीकडचे लोक चेंडू अडवण्याऐवजी स्वतःचं तोंड झाकत. मागे टायर बदलणारा पैलवान आणि जाळीपाशी उंच इलेक्ट्रिशियन, ज्याला सगळे लांबू म्हणत. अडचण एकच. वेल्डर हा पेंटरच्या बहिणीचा नवरा होता आणि दोघांमध्ये एका गेटावरून वैर होतं.

पेंटरच्या घराचं लोखंडी गेट वेल्डरने बनवलं होतं आणि पेंटरने रंगवलं होतं. ते लागत नव्हतं. वेल्डरचं म्हणणं, मेहुण्याने बिजागरीत रंगाचे थर दिले. पेंटरचं म्हणणं, दाजींनी चौकटच तिरकी केली. गेट आजही दोरीने बांधलेलं होतं, आणि कोर्टावर दोघांच्या तोंडाचा पट्टा चालू असे तो त्या गेटामुळेच. त्यांचं ऐकून बाकीच्यांनाही सवय लागली होती.

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं.

"दोघांना जेवायला बोलवा," ती म्हणाली. "माझ्या घरात कोण भांडतं बघू."

कोणी भांडलं नाही. तिने दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि सांगितलं की आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही, दुसऱ्याने वाढायचं. वेल्डर आधी गुरगुरला. पण मेहुण्याने न सांगता मटणातला त्याच्या आवडीचा तुकडा शोधून ताटात टाकला, तेव्हा तो विरघळला.

"चौकट जराशी तिरकी झाली असेल," तो म्हणाला.

"नाही दाजी, रंगच जाड बसला. मलाच घाई झाली होती."

"तुझा रंग चांगलाच असतो रे."

"तुमचं वेल्डिंगसुद्धा. बहिणीची शपथ."

मास्तरांचे डोळे पाणावले. पाहुणे गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "आता उद्यापासून कोर्टावर नियमच करतो. सगळ्यांनी एकमेकांना अहो म्हणायचं. आवाज चढवायचा नाही."

"भांडण मिटलं तेवढं पुरे," भांडी आवरता आवरता ती म्हणाली. "त्यांची तोंडं कशाला बांधताय?"

पण मास्तरांना आता सलोख्याची गोडी लागली होती. उरलेला सगळा सराव त्यांनी चेंडूशिवाय घेतला. संघ गोलात उभा राहायचा आणि मास्तर एकेकाकडून वाक्य म्हणवून घ्यायचे. पैलवान घाम पुसत म्हणायचा, "अहो लांबू, आपण जरा डावीकडे सरकाल का?" आणि लांबू मान झुकवून म्हणायचा, "अवश्य." वर्कशॉपमधले लोक काम टाकून बघायला येत. मॅनेजरांनी खिडकीतून हे पाहिलं आणि पंखा पुन्हा चालू केला.

अंतिम सामना तिकीट खिडकीच्या कारकुनांशी होता. ते अंतिम फेरीत आलेच कसे, हे त्यांनाही कळलं नव्हतं. एक संघ आजारी पडला होता आणि एकाची बस चुकली होती. कारकुनांतल्या एकाने चष्मा नाडीने डोक्याला बांधला होता. दुसरा सर्व्हिस करण्याआधी चेंडूकडे संशयाने बघत होता.

पहिल्या रांगेत मोठ्या मॅडम, त्यांच्या शेजारी मॅनेजर आणि मॅनेजरांच्या शेजारी सासूबाई. दोरीपलीकडे मास्तरांची बायको.

पहिलीच सर्व्हिस वर्कशॉपच्या कोर्टाच्या बरोबर मधोमध आली. पैलवानाने लांबूकडे पाहिलं.

"घ्या ना," पैलवान म्हणाला.

"छे, तुम्ही घ्या."

चेंडू दोघांच्या मध्ये पडला आणि एकदा उडून शांत झाला. दोघांनी एकमेकांची माफी मागितली.

मग हेच चालू राहिलं. पेंटरने चेंडू उचलला, पण दाजींना उडी फार मारावी लागू नये म्हणून बेताचा उचलला. वेल्डरने तो मारला, पण समोर चष्मेवाला होता म्हणून हलकेच मारला, आणि तो जाळीत गेला. "अरेरे, माझंच चुकलं," पेंटर म्हणाला. "नाही रे, माझं," वेल्डर म्हणाला. त्यांचं हे चालू असताना पंच पुढच्या सर्व्हिससाठी शिट्टी वाजवून थकला. कारकुनांनी सेट जिंकला, तेव्हा ते एकमेकांकडे असे बघत होते जणू कोणाचं तरी सामान चुकून आपल्याकडे आलं आहे.

मोठ्या मॅडमनी जांभई दिली. मग मान वळवून कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली आणि मॅनेजरांना विचारलं, "इथे साधारण किती गाड्या बसतील?"

मास्तरांनी ते ऐकलं. त्यांनी संघाला बाजूला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडायचा प्रयत्न केला.

"लाज वाटत नाही का तुम्हाला? गाढव आहात सगळे."

"बरोबर आहे तुमचं, मास्तर," पेंटर नम्रपणे म्हणाला.

"आपण पाणी घ्या थोडं," वेल्डर म्हणाला.

दोरीपलीकडून बायकोने त्यांना खूण करून बोलावलं. "ओरडायचे तेव्हा निदान कोण कुठे उभा आहे ते तरी कळायचं," ती हळू आवाजात म्हणाली.

तिचं खरं होतं. 'अरे आंधळ्या, मागे बघ, डोक्यावर आलाय' या वाक्यातला आंधळा काढला, तर बाकी सगळं कामाचं होतं. मास्तरांनी आंधळ्याबरोबर वाक्यही हाकलून दिलं होतं. ज्याला ते इतके दिवस शिवीगाळ समजत होते, तो या लोकांचा रस्ता दाखवायचा दिवा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने विझवला होता.

ते धावत परत आले. "ऐका. नियम रद्द. पहिल्यासारखं बोला."

सगळे खाली बघू लागले.

"आता कसं बोलणार, मास्तर?" वेल्डर म्हणाला. "एकमेकांच्या ताटात वाढलंय. तोंडातून शब्द निघत नाही."

"वहिनींनी इतक्या प्रेमाने जेवायला घातलं," पेंटर म्हणाला.

पंचाने शिट्टी वाजवली. मॅनेजर हवेत बोटं फिरवून गाड्यांच्या रांगा मोजत होते. मास्तरांनी एकदा कोर्टाच्या पांढऱ्या रेषेकडे पाहिलं आणि जन्मभर न केलेलं एक काम केलं. त्यांनी वेल्डरला दंडाला धरून बाजूला नेलं.

"तुम्हाला सांगणार नव्हतो," ते कुजबुजले. "पण मेहुणा म्हणत होता, ते गेट भंगारात घालतो आणि नवीन बाहेरून करून घेतो. कोणातरी हात बसलेल्या माणसाकडून."

वेल्डरच्या मानेवरची शीर वर आली. तोवर मास्तर पेंटरपाशी पोचले होते.

"दाजी म्हणत होते, तू रंगात रॉकेल घालतोस. कायमच. आणि बहिणीला माहीत आहे."

पेंटरने बाह्या वर केल्या.

दुसऱ्या सेटचा पहिला चेंडू हवेत गेला तशी वेल्डरने अशी आरोळी ठोकली की रॅम्पवरची कबुतरं उडाली. "उचल की रे आता, का ब्रश हातात देऊ?"

"तुम्ही आधी सरळ उभे राहा. चौकटीसारखे तिरके कुठे चाललात?"

आणि चेंडू हवेत थांबला. अगदी पूर्वीसारखा, वाट बघत. वेल्डरने तो हाणला. चष्मेवाल्याने चष्मा आणि तोंड दोन्ही झाकलं. मागून पैलवानाने लांबूच्या सात पिढ्यांना हाक मारली, आणि लांबू बरोबर जिथे हवा होता तिथे पोचला. मग ओघ थांबेचना. प्रत्येक चेंडूबरोबर कोणाचा तरी बाप, कोणाची तरी अक्कल, कोणाचा तरी जुना प्रकार बाहेर येत होता, आणि चेंडू मात्र एकदाही जमिनीला लागत नव्हता.

मॅनेजरांनी डोळे मिटून घेतले. नेमका तेव्हाच वेल्डरने तो शब्द वापरला.

मोठ्या मॅडमनी भुवया उंचावल्या. "काय म्हणाला तो?"

"तांत्रिक शब्द आहे," सासूबाई पुढे वाकून म्हणाल्या. "उचलणाऱ्याने उशीर केला की म्हणतात." आणि पुढच्या वेळी पेंटरला उशीर झाला, तेव्हा त्यांनी तो स्वतःच म्हटला, खणखणीत आवाजात आणि अगदी योग्य जागी. वेल्डरने वळून त्यांना सलाम केला.

तिसऱ्या सेटमध्ये मोठ्या मॅडम उभ्या राहिल्या होत्या. वर्कशॉप जिंकलं. करंडक देताना त्या मॅनेजरांना म्हणाल्या, "किती जिवंत खेळतात हो. गाड्यांसाठी दुसरीकडे कुठेतरी बघा." मग त्यांनी मास्तरांशी हस्तांदोलन केलं. "पहिल्या सेटमध्ये काय झालं होतं यांना?"

"जेवण जरा जड झालं होतं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर वेल्डर आणि पेंटर उभे होते. खांद्याला खांदा लावून. पेंटरच्या हाताला ग्रीस लागलं होतं आणि वेल्डरच्या शर्टावर हिरवा रंग होता.

"गेटापाशी समोरासमोर बसून सोक्षमोक्ष लावला," वेल्डर शांतपणे म्हणाला. "मी विचारलं, भंगारात घालतोस काय? हा म्हणाला, कोण म्हणालं?"

"मी विचारलं, रॉकेल घालतो काय? हे म्हणाले, कोण म्हणालं?"

"मग दोघंही एकदमच म्हणालो."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अहो, कोर्ट वाचावं म्हणून..."

पुढे त्यांना बोलता आलं नाही. दोघांनी आळीपाळीने त्यांचा जो उद्धार केला, तो शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून ऐकला. एक थांबला की दुसरा नेमका तिथूनच उचलत होता, आणि पहिला हाणत होता. बायकोने मधेच येऊन दोघांना चहा दिला.

"माझंही एक सांगा त्यांना," ती म्हणाली. "जाळी शिवून घेतात आणि माणसाला कधी बरं म्हणत नाहीत." तेही त्यांनी त्यात घातलं.

गेट आता लागतं. दाजी आणि मेहुणा एकमेकांना जपतात, कोर्टावर एक वाकडा शब्द बोलत नाहीत. तरीही संघ एकही सामना हरलेला नाही. कधीकधी खेळ ढिला पडतो, चेंडू मधोमध पडतो, कोणीतरी कोणाला तरी "घ्या ना" म्हणतं. तेव्हा बाकावर बसलेले मास्तर शिट्टी बाजूला ठेवतात, छत्री उघडून पुढ्यात धरतात आणि घसा साफ करून म्हणतात, "काय हो, ते गेट अजून कुरकुरतंच म्हणे?"

सबंध संघ वळून त्यांच्यावर तुटून पडतो. पुढचा चेंडू पलीकडच्यांना दिसतसुद्धा नाही.