वरून, खालून, वरून

हुसेनभाईंसमोर जाळीचा बनियन घालून बसू नये. बोलता बोलता ते समोरच्याच्या पोटावर बोट ठेवतात आणि एक धागा पकडून निघतात. "वरून, खालून, वरून, खालून..." बोट बगलेपर्यंत पोचलं की गुदगुल्या होतात, पण हलायची सोय नाही. "हलू नका हो! धागा सुटला!"

दुबईत रुपया चालत होता तेव्हाची ही गोष्ट. एका इंग्रज कंपनीत मी स्टोअरकीपर होतो आणि दापोलीकडचे हुसेनभाई नकाशे ट्रेस करायचे. दुबईच्या देरा भागात आमची दोघांची एकच खोली.

साहेबाच्या केबिनमध्ये त्याच्या गावच्या चर्चमधल्या क्रूसाचा मोठा फोटो होता. क्रूसाचा खांब दगडी, हजारएक वर्षांपूर्वीचा आणि खालपासून वरपर्यंत कोरलेला. दगडाच्याच दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या, ना सुरुवात ना शेवट. मध्येच स्वतःची शेपूट चावणारा एक प्राणी.

"हा आपला हेडक्लार्क," हुसेनभाई माझ्या कानात म्हणाले.

नकाशा सहीला न्यायचा आणि सही होईपर्यंत फोटोवर बोट फिरवायचं, असं वर्षभर चाललं. साहेबाला वाटे, माणूस भाविक आहे. मग एक दिवस हुसेनभाई म्हणाले, "साब, आपका कारीगर इधर चूक गया. दो बार ऊपर से गया."

साहेब लालबुंद. लहानपणी त्याच खांबाला टेकून त्याने सँडविचं खाल्ली होती. भिंग मागवलं. मीच दिलं, सही घेऊन. पंधरा मिनिटांनी साहेब पुटपुटला, "माय गॉड."

"खलास!" हुसेनभाई त्या दिवशी तरंगतच घरी आले.

शुक्रवारी मी खोली साफ करायला काढली. यादीत तिसरी ओळ होती: 'हुसेनभाईंची झोपायची चटई, फाटकी, टाकणे.' टाकली, बाजारातून नवी आणून अंथरलीसुद्धा. नमाजाहून परतलेल्या हुसेनभाईंनी ती पाहिली.

"माझी कुठाय?"

"कचऱ्यात. तुमच्यासाठी नवी..."

ते पांढऱ्या कपड्यांनिशी धावले. मी मागे. उकिरड्यावर एक बकरी चटईचा कोपरा चावत उभी होती.

"छोड! यल्ला!" बकरी सोडेना. मी शिंगं धरली, त्यांनी चटई खेचली आणि तिथेच उकिडवे बसून बोट फिरवू लागले. "वरून, खालून, वरून... वरून. आहे! कोपरा गेला तर गेला."

मी वाकून पाहिलं. "अहो, ही तर चूक. साहेबाच्या खांबासारखीच!"

"बायको विणत होती," ते म्हणाले. "इथपर्यंत आली न् मी सांगितलं, बोटीचं तिकीट आलं."

"काय म्हणाल्या?"

"विणत राहिली."

चटई झटकून त्यांनी खांद्यावर टाकली. घरी आल्यावर मी तिसऱ्या ओळीवर काट मारली. नवी चटई मीच वापरली. तिच्यात एकही चूक नव्हती.