वर्गात बोलू नये

आमच्या वैशालीला डच भाषेची परीक्षा द्यावी लागली, ती जावयामुळे. प्रफुल्ल रॉटरडॅमला नोकरीसाठी गेलेला. बायकोला तिकडे न्यायचं, तर तिने आधी लेखी आणि तोंडी अशा दोन्ही परीक्षा पास व्हायला हव्यात. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि त्यातले एकत्र काढलेले दिवस सव्वीस. तेव्हा मी स्वतः शहाडहून डोंबिवलीला जाऊन त्र्यंबक सरांच्या क्लासमध्ये तिचं नाव घातलं.

सरांनी तीस वर्षं दहावीचं संस्कृत शिकवलेलं. डचही त्यांनी त्याच पद्धतीने हाती घेतलं. संभाव्य प्रश्न, आदर्श उत्तरं, प्रत्येक उत्तर दहा वेळा लिहून खाली पालकांची सही. कोणत्या नामाला ‘डे’ लागतं आणि कोणत्याला ‘हेट’, ती बाराशे शब्दांची यादी तोंडपाठ. भिंतीवर पाटी होती: ‘वर्गात बोलू नये.’

“सर, पण बोलल्याशिवाय भाषा...” वैशालीने पहिल्याच दिवशी विचारून पाहिलं. सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. मला ती शिस्त फार आवडली.

तिकडे प्रफुल्लच्या शेजारी मराइके नावाच्या आजी राहायच्या. बटाटे सोलता सोलता त्या व्हिडिओ कॉलवर वैशालीशी गप्पा मारायच्या. दोन महिन्यांत पोरगी खिदळत डच बोलायला लागली. मी कौतुकाने हे सरांच्या कानावर घातलं, तर सर गंभीर झाले. त्यांनी एक सराव प्रश्नपत्रिका आजींना पाठवायला लावली. आजींनी ती हौसेने सोडवून पाठवली. शंभरपैकी एकसष्ट पडले.

“बघितलंत? बाईंचा पायाच कच्चा आहे,” सर म्हणाले. “हिचीही भाषा बिघडवून ठेवतील.”

“पण सर, त्या तिथल्याच आहेत ना?”

“तोच तर प्रॉब्लेम आहे. त्यांनी क्लास कुठे लावलाय?”

मला पटलं. त्याच दिवशी मी आजींचे कॉल बंद केले. वैशाली रडली, पण परीक्षेच्या वर्षात एवढं चालायचंच.

लेखी परीक्षेत तिला अठ्ठ्याण्णव मिळाले. मी सगळ्या चाळीत पेढे वाटले. मग तोंडी परीक्षा. परीक्षक बाईंनी हसून विचारलं, सकाळी काय खाऊन आलात? वैशाली पोहे खाऊन गेलेली. आदर्श उत्तरात ब्रेड, चीज आणि सफरचंद होतं. बाराशेच्या यादीत पोहे नव्हते. पोरगी उठून उभी राहिली आणि बाईंची वेळ संपेपर्यंत तशीच गप्प राहिली. नापास. पुढची तारीख सहा महिन्यांनी.

घरी आल्यावर पायातली चप्पलही न काढता ती म्हणाली, “बाबा, आजींशी बोलत होते तेव्हा मला येत होतं.”

“पण चुकत होतीस ना,” मी म्हणालो. ती आत निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी मराठीतही फारसं बोलत नाही.

स्टेशनबाहेर क्लासचा मोठा फ्लेक्स लागलाय. वैशालीचा फोटो, खाली ‘९८’. परवा मी त्याच्यासमोर उभा होतो, तर तीन पालकांनी गाठलं. यादी मिळते का, बॅच कधी सुरू होते, सर चुकीला मारतात का, सगळं विचारलं. पोरगी सध्या कुठे असते, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

तुम्हाला सरांचा नंबर देऊन ठेवतो. मागाल, असं वाटलंच होतं.