बावीस अटींचे अंबादासअण्णा

आमच्या वडीगोद्रीत देव दाखवायला नेणारा माणूस आधी कागद दाखवतो. अंबादासअण्णांच्या टूर्सच्या दुकानात शिरलं की समोर देवाचा फोटो नाही, दुकानाच्या नोंदणीचं सर्टिफिकेट आहे. शेजारी जीएसटीचं. दोन्हींना रोज सकाळी उदबत्ती. माझं मेडिकल बाजूलाच, त्यामुळे धूर मलाही मिळतो.

"अण्णा, बाकीचे एजंट नुसत्या मोबाइलवर धंदा करतात," मी एकदा डिवचलं.

"अन् पळून गेल्यावर मोबाइलच बंद करतात. लोकांनी जीव आपल्या हवाली केलेला असतो, सुधाकर. समदं कागदावर बराबर पायजे."

गाडीमालक आला की परमिट, फिटनेस, विमा, एकेक कागद भिंगातून बघणार. एकाचा विमा सहलीच्या मधेच संपत होता. तो म्हणाला, "भरून टाकू की सावकाश."

"मंग भर अन् मंगच ये. येताना माझी माणसं काय हवेत तरंगत येतील?"

गिऱ्हाइकाला बावीस अटी मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अण्णा सही घेत नाहीत. मधे कुणी जांभई दिली, तर पुन्हा पहिल्यापासून! नववी अट तर ऐकाच: 'प्रवासात जमलेल्या सोयरिकीस एजंट जबाबदार राहणार नाही.' झालं असं, की तिरुपतीच्या वाटेवर दोन घरच्यांनी गाडीतच पोरापोरीचं जमवून टाकलं. पुढं ते मोडलं, आणि दोन्हीकडचे येऊन अण्णांशीच भांडले. "शेजारी-शेजारी सीटा तुम्हीच दिल्त्या न्हाई का?" त्या दिवशी नववी अट जन्माला आली.

एवढ्या लोकांना रामेश्वरला धाडलं, पण हा माणूस स्वतः कधी गेला नव्हता. वहिनी असताना दोघांचं ठरलं होतं. त्या अचानक गेल्या आणि समुद्र बघायचा राहिला तो राहिलाच. यंदा मीच हात धुऊन मागं लागलो. लई आढेवेढे घेऊन अण्णा तयार झाले. मग काय विचारता! नवी पिशवी, नव्या चपला, अन् दिसेल त्याला एकच सवाल, "समुद्राचं पाणी अंगाला चिकटतं म्हणे, खरं का?"

आणि निघायच्या आदल्या दिवशी यादीत त्यांच्याच नावावर काट!

मी तणतणत गेलो. "हे काय आता?"

"फॉर्म अपुरा हाय. अपुऱ्या फॉर्मला सीट न्हाई."

"अहो, दुकान तुमचं, नियम तुमचा!"

"म्हणूनच. एजंटाला काय कायदा येगळा हाय का?"

मी फॉर्म ओढून घेतला. सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. एकच ओळ कोरी होती: 'काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावे?'

वहिनी नाहीत, मूलबाळ नाही. अण्णा खाली मान घालून उगाच शिक्का पुसत बसले होते. मला भडभडून आलं, आणि स्वतःचा रागही आला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसतो आणि मला हे कधी सुचलं नाही. मी पेन घेतलं, माझं नाव लिहिलं, नंबर लिहिला.

"पुढं नातं लिवावं लागतं," अण्णा पुटपुटले. "शेजारी चालत न्हाई. जवळचा नातेवाईकच पायजे."

मी लिहिलं, भाऊ.

"हे खोटं हाय, सुधाकर."

"मंग करा केस!"

अण्णांनी डोळे पुसले. मग शिक्का मारला. तो वाकडा उमटला, पण दुसरा फॉर्म काही त्यांनी काढला नाही.

सहल निघाल्यावर पाचव्या दिवशी भर दुपारी, माझ्या मेडिकलमध्ये गर्दी असताना त्यांचा फोन आला. गिऱ्हाईक तसंच सोडून मी फोन उचलला.

"अण्णा! काय झालं?"

"काई न्हाई रे. कळवायचं तुला असं लिवलंय ना, म्हणून कळवून राह्यलो." पलीकडं नुसता लाटांचा आवाज. मग म्हणाले, "समुद्र लई मोठा हाय."